ना हरकत

टेपचं एक टोक माझ्याकडे, दुसरं सिलहटच्या मोतालिबकडे.
मुहर्रकच्या या बोळात समोरून कुणी आलं
तर आपण भिंतीला पाठ लावायची.
भिंत प्रवाळाची. नखाने खरवडली तर
शिंपल्यांचा चुरा. बोट चाटलं तर मीठ.

लांबी अकरा मीटर वीस. रुंदी सात.
छताला खारफुटीचे वासे, एकशे चार,
पैकी सत्तावीस कुजलेले.
माझं काम तेवढंच: घराची हाडं मोजायची,
डागडुजीचा आकडा काढायचा, निघायचं.

किल्ली गालियाकडे.
वय विचारलं तर म्हणते, मोत्यांचा शेवटचा मोठा हंगाम,
त्यानंतर दोन वर्षांनी झाले मी.
तिचं इंग्रजी तोडकं, माझी अरबी त्याहून.
तरी गोष्ट पोचली.

बैत अल-मकीना. यंत्राचं घर.
पाच शिलाई यंत्रं होती इथे, खाली, या खोलीत.
दुपारी चार यंत्रं रिकामीच चालवायची, दोऱ्याशिवाय,
खडखड खडखड,
म्हणजे बोळातून जाणारा म्हणेल,
शिवतायत बायका, शिवू देत.
पाचव्यावर पाटी.
शिकवायची तरफा,
जिचा नवरा समुद्राने ठेवून घेतला होता.

त्याचा श्वास तळाशी संपला,
कर्ज मात्र वर तरंगत आलं.
नाखव्याच्या वहीत बापाचं नाव खोडून
मुलाचं लिहिलं गेलं.
मुलगा नऊ वर्षांचा.

तेव्हा इथे एक कागद तयार झाला.
गालिया तो काचेवरून वाचते, बोट न टेकवता,
आणि मी दचकते.
तिच्या अरबीतून मधूनच
आमच्या मिरजेच्या कचेरीतले शब्द:
दफ्तर. वारिस. हक्क.
परक्या लग्नात अचानक माहेरची माणसं दिसावीत तसे.

खाली एकतीस अंगठे, निळे.
कित्येकांत पांढरे ठिपके, सुई टोचून टोचून पडलेले.
तेरावा तिच्या आईचा.
मग सहा सह्या, वाकड्या.
मी मोजलं. सवय.

उत्तर आलं का?
गालिया जीभ टाळ्याला लावून चुक् करते.
पुढच्या वर्षी यंत्रं सात झाली, एवढंच तिला ठाऊक.

"हरका," ती दाखवते,
अक्षरांच्या डोक्यावर, पायाशी, चिमुकल्या रेघा.
नुकत्या शिकलेल्या हाताने एकही सोडलेली नाही.
त्या नसल्या तर अक्षर नुसतं उभं, तोंड मिटून.
आणि बायांनी जे केलं, तेही हरका,
असं म्हणत ती हात हवेत फिरवते:
हलणं. हलवणं.

माझ्या फायलीतही आहे हा शब्द.
बारा वर्षांपूर्वी एजंटाने मागितला होता
नवऱ्याचा दाखला:
माझी पत्नी परदेशी नोकरीस जाण्यास
माझी काहीएक हरकत नाही.
मसुदा मीच लिहिला होता, वळणदार अक्षरात.
त्याने सही केली, चहा पिताना, न वाचता.
मग प्रत्येक बदलीला, प्रत्येक खिडकीवर
तो कागद मी पुढे सरकवत आले.
हरकत नाही. हरकत नाही.
या बोळात त्याचा अर्थ वेगळाच होतो,
हे आत्ता कळतंय, हातात टेप असताना.

मोतालिब विचारतो, जिना राहिलाय, दीदी.
हो, येते.

एकच यंत्र उरलंय, चाकाला गंज.
मी हात पुढे करते
आणि तोंडातून मराठीच निघतं:
"हरकत नाही ना?"

गालियाला त्यातला एकच शब्द लागतो.
"हरका?" ती हसते. "फी, फी."
आहे, आहे.

चाक अडतं.
मग दोन बोटं सरकतं,
आणि सुई, दोरा नसलेली,
खाली जाते.